आबा, त्या चार लायनरचा कागद मी वाचला नव्हता

आबा,

तुमचा तेरावा होऊन अजून महिना झालेला नाही, आणि तुम्ही असतात तर मला कधीच करू दिली नसतीत अशी गोष्ट मी करून बसले आहे. "तुला कुणी सांगितला हुता नसता उद्योग?" असं म्हणून तुम्ही हातमोजे टेबलावर आपटले असतेत. पण आता तुम्हाला मला अडवता येत नाही, आणि मलाही आता गप्प बसवत नाही. म्हणून पहिल्यापासून सांगते. बरंचसं तुम्हाला ठाऊक आहे. तरी ऐका, कारण यातला माझा भाग मी तुमच्या तोंडावर कधी बोलले नाही.

बारामतीच्या एमआयडीसीतल्या आपल्या शेडमध्ये मी पहिल्यांदा आले तेव्हा धातुशास्त्राची पदवी नवीकोरी होती. तुम्ही भवानीनगरच्या कारखान्यात वीस वर्षं वेल्डिंग करून आला होतात. उसाच्या चरकाचे झिजलेले रोलर भरता भरता हात असा बसलेला की मालकांनी धातूवर लेप फवारायची प्लाझ्मा गन आणली तेव्हा ती दुसऱ्या कुणाच्या हातात दिलीच नाही. मालक म्हणाले, "ह्या सुजाता मॅडम. आता तपासणी ह्यांच्याकडं." तुम्ही काळ्या काचेचा मुखवटा वर सरकवलात आणि विचारलंत, "कुठल्या, म्याडम?"

"इंदापूरकडच्या."

"कुनाच्या?"

हा प्रश्न कुठे जाऊन थांबतो ते मला माहीत होतं, म्हणून एका दमात सांगून टाकलं, "वडील पोस्टात आहेत. आम्ही बौद्ध."

तुम्ही मान हलवलीत. "बरं झालं. पोस्टातल्या मानसाची पोरगी हाईस, म्हंजी पोस्टकार्ड किती जाड असतं ते तरी म्हाईत असंल. आपला लेप तेवढाच असतोय बग."

'म्याडम'वरून 'बग'वर तुम्ही दोन वाक्यांत आलात. मला राग यायला हवा होता, पण आला नाही.

घरी मी काय काम करते हे कुणाला नीट समजावता येत नसे. शेवटी ते तुम्हीच समजावलंत, माझ्या आईला. वैशाख पौर्णिमेला काकींना घेऊन आमच्याकडे खिरीला आला होतात तेव्हा. "वहिनी, हेलिकॉप्टराच्या इंजनात जितं इंधन जळतं ना, तितं पातळ पत्र्याचं नळकांडं असतं. त्येला लायनर म्हन्त्यात. आत जाळ असा, की पत्रा उघडा सोडला तर मऊ पडून फाटंल. म्हनून आमी त्येला आतनं लेप देतो. आदी धातूचा करडा, मग वरनं पांढरा, कपबशीच्या मातीसारका. चुलीवर पातेलं ठेवताना तुमी बुडाला राख लावता, तसंच."

"आबा, राख काजळीसाठी लावतात," मी मध्येच बोलले. "उष्णतेशी तिचा काही संबंध नाही."

"मग काय झालं? जाळाला अंग लागू द्यायचं न्हाय, एवढंच की."

"तसं नाही ते."

"वहिनी, ही अशीच. शेडमदी बी अशीच भांडती."

हा वाद आपण किती वर्षं घातला? नव्या माणसाला तुम्ही राखेचं सांगायचात आणि तुमची पाठ वळली की मी जाऊन दुरुस्त करायचे. परवा एका नव्या मुलीला मी स्वतःच राखेचं सांगितलं. तिला ते लगेच कळलं. मी दुरुस्त केलं नाही.

भांडणं बाकीही होती. तुम्ही मास्क गळ्यात घालायचात आणि मी आले की नाकावर चढवायचात. जाडी मोजण्याचं यंत्र मी लावायच्या आधी तुम्ही आकडा सांगायचात आणि तो बरोबर आला की माझ्याकडे बघायचात. मालकांनी गन धरणारा यंत्राचा हात आणायचं ठरवलं तेव्हा तुम्ही चार दिवस माझ्याशी बोलला नाहीत, कारण त्या मागणीचा कागद मी लिहिला होता. पाचव्या दिवशी येऊन म्हणालात, "त्येला गन कशी फिरवायची ती शिकवायला मानूसच लागंल ना? मग मी शिकवतो. पन आवाज कसा वळकायचा ते त्यो शिकणार न्हाय, सांगून ठेवतो." अजूनही गनचा आवाज बदलला की यंत्राआधी आपल्या माणसांनाच कळतं. या वादात तुमचं खरं ठरलं, हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं.

पण खरं सांगायचं राहिलं ते हे नाही.

नऊ वर्षांपूर्वीचा भाद्रपद. आठवडाभर आभाळ उतरलेलं, हवेत ओल, भिंतीला हात लावला तर हात दमट. इंजिनं दुरुस्त करणाऱ्या कंपनीचे चार लायनर आपल्याकडे होते आणि पाच वाजता पुण्याहून त्यांची गाडी यायची होती. सकाळी तुम्ही चारही लायनरवर बारीक खडे मारून घेतलेत. तसा खरखरीत केल्याशिवाय पत्रा लेप धरत नाही. पण तसा उघडा केलेला पत्रा हवेत फार वेळ राहिला की त्याला ओल धरते, डोळ्याला न दिसणारा गंज चढतो, आणि मग वरचा लेप दिसायला छान दिसतो पण घट्ट बसत नाही. म्हणून आपल्या शेडचा नियम होता, खडे मारल्यापासून दोन तासांत पहिला थर. दोन तास उलटले तर पुन्हा खडे मारायचे.

त्या दिवशी कॉम्प्रेसरचा पट्टा तुटला आणि गन बंद पडली. तुम्ही स्वतः गावात जाऊन नवा आणलात, बसवलात. तोवर चार तास झाले होते. पुन्हा खडे मारायचे तर गाडी रिकामी गेली असती. मालक म्हणाले, "आबा, आता लेप मारून टाका." तुम्ही मारलेत. आणि कागदावर, खडे मारल्याची वेळ आणि लेप चढवल्याची वेळ, दोन्ही खऱ्या लिहिल्यात. तुमच्या त्या मोठ्या, गोल अक्षरात.

तो कागद माझ्या टेबलावर आला तेव्हा गाडी फाटकात उभी होती आणि ड्रायव्हर हॉर्न देत होता. मी जाडी मोजली. बरोबर होती. वरून पाहिलं, छान दिसत होतं. कागद न वाचता सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही सगळ्यांच्या आधी येऊन दारात उभे होतात.

"त्ये चार तू बगून सोडलंस ना?"

"सोडले की."

"येळ बगितलीस?"

मी फाइल काढली. कागद वाचला. माझ्या तोंडाकडे बघूनच तुम्हाला कळलं.

"परत बोलवायचं," तुम्ही म्हणालात. "आत्ता. इंजनात बसायच्या आदी. त्येच्यावर मानसं बसनार हायती."

आपण दोघे मालकांकडे गेलो. मालक वैतागले. "दिसायला चांगले आहेत, मोजायला चांगले आहेत, मग गप्प का बसत नाही?" तुम्ही म्हणालात, "साहेब, फोन तुमी करता का मी करू?" फोन झाला. लायनर परत आले. लेप काढायच्या आधी मी प्रत्येकाचा छोटा तुकडा कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. तीन घट्ट होते. चौथ्याचा लेप कडेला भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटला होता. इंजिनात तो भाग निघून गेला असता तर तिथला पत्रा उघडा पडला असता आणि जळून भोक पडलं असतं. पुढचं मी तेव्हाही बोलले नाही, आताही बोलत नाही.

मग त्या कंपनीचा अधिकारी आला. मालकांची केबिन, चार खुर्च्या. त्यानं विचारलं, "हे सुटलं कसं?"

फाइल माझ्या मांडीवर होती. त्यात तुमचं अक्षर होतं आणि त्याखाली माझी सही. मी ती उघडून दाखवायची, एवढंच काम होतं.

आबा, सही करायचं अधिकारपत्र त्या कंपनीकडून मला त्याच्या महिनाभर आधीच मिळालं होतं. त्या पत्राची प्रत वडिलांनी पोस्टातल्या सगळ्यांना दाखवली होती. शेडमध्ये मी एकटी बाई. 'बाईला तपासणीवर कशाला ठेवलं' म्हणणारी माणसं होती, आणि माझ्या घराविषयी हळू आवाजात बोलणारीही होती. त्या सगळ्यांना हवी असलेली चूक मी करून बसले होते. हे सगळं त्या एका क्षणात माझ्या डोक्यात होतं. हे खरं आहे, पण यातलं काहीही पुरेसं नाही.

तुम्ही माझ्याकडे एकदा पाहिलंत. वाट बघितल्यासारखं. मग त्या अधिकाऱ्याकडे वळून म्हणालात, "चूक माजी. घाई केली. कुनाला बोललो न्हाय."

त्यानं ते लिहून घेतलं. माणसानं स्वतःच कबूल केल्यावर त्याला कागद मागायची गरज वाटली नाही.

बाहेर मी तुमच्या मागे पळत आले. "आबा, मी—"

"ऱ्हाऊ दे. माजी यष्टी सुटंल."

आणि गेलात. सहा महिने तुम्हाला गनला हात लावू दिला नाही. जिथं लेप नको तिथं पट्ट्या चिकटवायचं काम दिलं. चौपन्न वर्षांचा माणूस, चष्मा लावून, पट्ट्या कापत बसायचा. त्यातही तुमची पट्टी कधी तसूभर सरकली नाही. पुढे गन परत मिळाली. नंतर मलाही ती धरायला शिकवलीत, कुणी काही म्हणेल याची पर्वा न करता. "तपासनाऱ्याला करता बी यायला पायजे," एवढंच म्हणालात. मी मनाशी धरून चालले की तुम्ही ते विसरलात, माफ केलंत, मोठ्या मनाचा माणूस. ते मला सोयीचं होतं.

त्या सोमवारी सकाळी तुम्ही उसाला पाणी द्यायला गेलात आणि बांधावर बसलात ते उठलाच नाहीत. मी भवानीनगरला पोचले तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. शेडमधले आम्ही सगळे आलो होतो. गन त्या दिवशी बंद होती.

दहाव्याला नरसिंहपूरला संगमावर आले. विधी चालू होते, मी जरा मागे उभी होते. सगळं आवरल्यावर काकींनी मला खुणेनं जवळ बोलावलं. पायरीवर शेजारी बसवलं. 

"तुजं लई कौतुक हुतं त्येंना," काकी म्हणाल्या. "पन एक गोष्ट मनातनं गेली न्हाय."

मला कळलं. तरी विचारलं, "कुठली, काकी?"

"त्ये चार नग. मला म्हनायचे, मी येळ खरी लिवली हुती. मालकाला न्हाय म्हनायचं धाडस आपल्याला झालं न्हाय, पन पोरगी वाचंल आन् थांबवंल, ह्या भरवशावर लिवली. तिनं वाचली न्हाय, त्ये बी चालंल, चुकतं मानूस. पन साहेबापुढं बोलली न्हाय, त्ये लागलं."

"मग मला कधी बोलले का नाहीत?"

"मी बी म्हनलं, बोला की तिला. तर म्हनले, सांगून बोलली तर त्येचा काय उपेग."

काकी रागावलेल्या नव्हत्या. भाजीला मीठ कमी पडलं असं सांगावं तसं त्यांनी सांगितलं. मी रडले नाही. रडून मोकळं व्हायचा हक्क मला तिथं नव्हता. बसमध्ये बारामतीपर्यंत खिडकीबाहेर बघत आले आणि ठरवून टाकलं.

जुन्या फाइली आपल्याकडे राहतात. वरच्या फळीवर, दोऱ्यात बांधून. तो कागद सापडायला अर्धा तासही लागला नाही. तुमच्या वेळा, माझी सही. तो घेऊन मी मालकांच्या केबिनमध्ये गेले.

मालकांनी वाचला. चष्मा काढला. "ताई, नऊ वर्षं झाली. लायनर परत आले, कुणाला काही झालं नाही. आबा गेले. आता हे उकरून कुणाचं भलं होणार?"

"साहेब, इथं येणाऱ्या प्रत्येक माणसाला आपण पहिल्या दिवशी त्या चौकशीचा जुना अहवाल वाचून दाखवतो. 'ऑपरेटरने नियम मोडला व कोणास कळवले नाही.' त्यात आबांचं नाव आहे. त्यांनी कळवलं होतं. लेखी कळवलं होतं. माझ्या टेबलावर."

"नाव काढून टाकू. आजच."

"नाव काढून भागणार नाही. कारण बदलायचं. आणि दुरुस्त केलेला अहवाल त्या कंपनीला पाठवायचा."

"तुमची सही जाईल."

"जाऊ दे."

"आणि मी म्हटलं होतं, 'मारून टाका'. तेही लिहिणार?"

मालक वाईट माणूस नाहीत, आबा, हे तुम्हीच म्हणायचात. ते उठले, खिडकीशी गेले, परत आले आणि म्हणाले, "लिहा. मीही सही करतो."

अहवाल तीन वेळा लिहून काढला. पहिल्यांदा माझी बाजू फार लांबली होती. गाडी, हॉर्न, ओल, सगळं होतं त्यात. दुसऱ्यांदा निम्मं काढलं. तिसऱ्यांदा कारणाच्या रकान्यात फक्त काय घडलं ते उरलं.

कंपनीचं उत्तर आठवड्यात आलं. माझा सही करायचा अधिकार थांबवला आहे. पुन्हा परीक्षा द्यायची, लेखी आणि प्रत्यक्ष. तोवर माझ्या जागी पुण्याचा एक माणूस येतो. मी अभ्यासाला बसले आहे. पुस्तकं तीच आहेत, पण चाळिशीच्या उंबरठ्यावर पाठ होत नाही लवकर. मी परीक्षा देणार आणि पास होणार. नाही झाले तर पुन्हा देणार. त्या टेबलावरून पळून जायचं नाही, एवढं माझं पक्कं आहे.

घरी वडिलांना सांगितलं ते जास्त जड गेलं. त्यांनी अधिकारपत्राची ती जुनी प्रत अजून कपाटात ठेवलेली होती. ती काढून पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाले, "चुकीच्या पत्त्यावर गेलेलं पत्र उशिरा का होईना, फिरवून द्यावंच लागतं." आणि जेवायला बसले.

शेडमध्ये नवा अहवाल मीच वाचून दाखवला. सगळे गोल करून उभे होते. वाचून झाल्यावर तुमच्या हाताखाली तयार झालेल्या एकानं विचारलं, "म्हंजी आबांनी येळ खरी लिवली हुती?"

"हो."

"आन् तुमी वाचली न्हाय?"

"नाही वाचली."

"आन् मग मीटिंगमदी बोलला बी न्हाय?"

"नाही."

तो मान खाली घालून कामाला गेला. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं गनचा आवाज ऐकून काम थांबवलं आणि मला हाक मारली, पावडरची नळी तुंबली होती. कामापुरतं बोलतो. तेवढं मला चालेल. बाकीचं मिळवायला वेळ आहे.

राहिलं होतं एक घर. काल रविवारी अहवालाची प्रत घेऊन भवानीनगरला गेले. काकी ओसरीत शेंगा फोडत बसल्या होत्या. मी जोत्यावर बसले आणि काय केलं ते सांगितलं. त्यांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं, पदराला हात पुसले.

"ह्ये त्ये असताना करायला पायजे हुतंस," त्या म्हणाल्या.

"हो, काकी."

"लई उशीर केलास."

"हो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मला वाचता येत न्हाय. वाचून दाव."

मी वाचलं. मला ते संपवायचं होतं, म्हणून भरभर वाचलं. काकींनी हात वर केला.

"असं न्हाय. त्येंचं नाव आलं कवा, गेलं कवा, कळलं बी न्हाय. परत वाच. सावकाश."

मी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. दत्तात्रय ज्ञानदेव यांनी दोन्ही वेळा अचूक नोंदवून कागद तपासणीसाठी दिला. तपासनीस सुजाता यांनी तो न वाचता सही केली, आणि चौकशीत ही गोष्ट सांगितली नाही. एकेक शब्द, सावकाश, शेवटपर्यंत.